चौथ्या मजल्यावरचा उन्हाळा : गच्ची, स्लॅब आणि रात्रीची झोप (पुणे, मार्च ते जून २०२४)

१७ मार्च, रविवार

कोथरूडमधली चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची, आणि हॉल व आईंची खोली दोन्ही पश्चिमेला. घरात मी, नवरा, यंदा दहावीला बसलेली लेक आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते, वय ७९.

पुण्याचा उन्हाळा दिवसा कडक असायचाच. एप्रिलमध्ये ३८ अंश ही इथली नेहमीची गोष्ट. पण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं गाव, हवा कोरडी. उन्हं कलली की वारा सुटायचा आणि पहाटे पांघरूण ओढावं लागायचं. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं या घरात कूलर तर सोडाच, टेबलफॅनही नव्हता. गेल्या मे महिन्यात मात्र आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पलंगावर बसून असायच्या. "छतातून कोणीतरी फुंकर मारतंय," म्हणायच्या. ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून यंदा मार्चमध्येच कामाला लागलो.

एसीचा विचार आधी केला. वायरमनने पाहून सांगितलं की घरातलं वायरिंग जुनं आहे, मीटरचा मंजूर भार कमी आहे. मीटरपासून नवी वायर ओढावी लागेल. एसी धरून साठ हजारांच्या वर अंदाज गेला. म्हणून ठरवलं की आधी घर तापतं कुठून ते मोजायचं, मग पैसे घालायचे.

आज घेतलं : लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन (१,१५० रुपये) आणि आर्द्रता दाखवणारे दोन छोटे तापमापक (मिळून ७०० रुपये).

२४ मार्च, होळी

आठवडाभर दिवसातून पाच वेळा आकडे लिहिले. पहिले दोन दिवस वाया गेले, कारण गन कशावरही रोखत होते. स्टीलच्या चकचकीत दारावर ती चुकीचा आकडा दाखवते. अशा ठिकाणी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखली की आकडा पटण्यासारखा येतो. गच्चीचा कोबा, चुन्याची भिंत, छताचा गिलावा यांना हा त्रास नाही.

कालचे आकडे. दुपारी चार वाजता गच्चीचा कोबा ६१ अंश. त्याच वेळी घरातून छत ३६. रात्री नऊला छत ४०! बाहेरची हवा तेव्हा २७ वर आलेली, आणि आईंच्या खोलीत ३४.५. पहाटे पाचला छत अजून ३३.

हे आकडे आम्ही दोघांनी परत परत पाहिले. इतकी वर्षं आम्ही दुपारशी झगडत होतो. दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि सहा वाजले की "चला, सुटलो." खरी गोष्ट अशी की दुपारचं ऊन पाच इंची स्लॅबमधून खाली उतरायला चार-पाच तास घेतं आणि आपण अंथरुणावर पडतो तेव्हा पोचतं. आईंचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं.

पेपरात छापून येतो तो शिवाजीनगरचा आकडा हवामान खात्याच्या वेधशाळेतला. या खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं होतं, म्हणून त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथला तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो : वर ऊन लागू नये म्हणून छप्पर, उष्णता परतून जावी म्हणून पांढरा रंग, वारा खेळावा म्हणून झडपा. ३० एप्रिल १८९७ चा ४३.३ अंशांचा पुण्याचा उच्चांक असो की २०१९ च्या एप्रिलअखेरचा ४३ च्या आसपासचा आकडा, ते सगळं मोजलं जातं सावलीत. आमच्या घराला यातलं काहीच नव्हतं. सावली नाही, पांढरा रंग नाही, वाराही नाही. कामाचा क्रम तिथूनच सुचला.

३० मार्च, शनिवार, रंगपंचमी

पहिली चूक, आणि महागाची. जाड, गडद मरून पडदे घेतले, ३,८०० रुपयांचे. "ऊन अडवणारे" म्हणून दुकानदाराने दिले. दुपारी साडेचारला पडद्याच्या आतल्या बाजूवर गन रोखली तर ४४ अंश! ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर आदळत होतं आणि पडदाच शेगडीसारखा तापत होता. खोली अंधारली, पण गार काही झाली नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं, हे त्या दिवशी हाताला चटका बसून कळलं. पडदे धाकट्या दिरांकडे दिले, त्यांच्याकडे रस्त्यावरच्या दिव्याचा त्रास आहे.

३ एप्रिल, बुधवार

बुरूड आळीतून बांबूच्या तीन चिका, म्हणजे खिडकीवर सोडायचे काड्यांचे पडदे, करून आणल्या. मापं आम्ही नेली होती, त्यांनी दोन दिवसांत बांधून दिल्या. ३,३०० रुपये, दोऱ्या आणि हुक २५०. बॉक्स ग्रिलच्या बाहेरच्या गजांना बांधल्या. एका चिकेचं माप मी खिडकीच्या चौकटीचं दिलं होतं, ग्रिलचं नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चार-चार इंच उघडं राहिलं आणि त्या फटींतून उन्हाचे दोन पट्टे थेट आईंच्या पलंगावर. फटी गोणपाटाने शिवल्या. करणार असाल तर माप ग्रिलच्या बाहेरून घ्या, वर सहा इंच जास्त ठेवा.

फरक लगेच कळला. दुपारी साडेचारला काचेचा आतला पृष्ठभाग ४३ वरून ३५ वर आला. चिकेवर संध्याकाळी पाणी मारलं की वास सुंदर येतो, पण बांबू काळा पडायला लागतो. पाणी मारायचंच असेल तर वाळ्याची ताटी लावावी, बांबूवर मारू नये.

६ एप्रिल, शनिवार

गच्चीला चुना लावायची परवानगी मागायला सोसायटीच्या सचिव काकांकडे गेले. गच्ची सगळ्यांची, आपल्या डोक्यावरचा तुकडाही आपल्या मालकीचा नसतो. त्यांची भीती दोन गोष्टींची : वॉटरप्रूफिंगला धक्का लागेल का, आणि पावसाळ्यात चुना वाहून खाली येईल का. पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याला मी नुसतं "बघू" म्हणाले. तिथे मी जास्त विचार करायला हवा होता. ते पुढे जूनमध्ये येईल.

खरी अडचण निघाली वाळवणाची. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया आणि साबुदाण्याच्या चकल्या नेमक्या आमच्या भागात पसरलेल्या; तिथे पाण्याच्या टाकीची सावली येत नाही. त्यांना घाई करायला सांगणं मला जड गेलं. पाडव्यानंतरच्या शनिवारी जागा मोकळी करून देते, म्हणाल्या. आठवडाभर थांबले.

९ एप्रिल, गुढीपाडवा

काम नाही. कडुनिंबाची कोवळी पानं यंदा जून झाल्यासारखी वाटली. रात्री नऊला छत ४०.५.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी सहाला गच्ची झाडून, तारेच्या ब्रशने घासून, धुऊन काढली. मुद्दाम सांगते : हेच काम सर्वांत जास्त वेळ खातं. साडेसातशे चौरस फुटांना दोघांचे साडेतीन तास.

२५ किलोचं चुन्याचं पोतं (भिजवलेला, चाळलेला, पोत्यात मिळतो तो) ३२० रुपये. चुनकळी घेऊ नका. ती पाण्यात टाकली की उकळते आणि अंगावर उडते. आम्ही बादलीत कालवला आणि अकरा वाजता लावायला घेतला. ब्रश फिरवताच चुना वाळत होता. आम्हाला वाटलं, छान, पटकन होतंय.

१४ एप्रिल, रविवार

सगळं फुकट. बोट फिरवलं की पांढरी पूड. वाऱ्याने ती खालच्या गाड्यांवर गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गेली. त्यांची माफी मागून साड्या घरी आणून धुतल्या.

आमच्या इमारतीला पूर्वी रंग देणारे एक रंगारी मामा अजून जवळच राहतात. नवरा त्यांना भेटून आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता लावला?" अकरा ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत दगडासारखा होतो, पण त्याला ओल टिकावी लागते. तापलेल्या कोब्यावर लावला तर पाणी उडून जातं आणि मागे नुसती पूड उरते. मामांनी स्वतः येऊन करून देतो म्हटलं, दोन संध्याकाळचे १,६०० रुपये. ते पैसे सत्कारणी लागले.

१५ आणि १६ एप्रिल

मामांची पद्धत, जशी पाहिली तशी.

पहिला पूड झालेला थर झाडून, धुऊन काढला. दोन पोती चुना आदल्या रात्री भिजत घातला, एका पोत्याला साधारण ४५ लिटर पाणी. सकाळी तो जुन्या धोतराच्या कापडातून गाळला. खडे राहिले तर पुढे तिथूनच पोपडे सुटतात. लावायच्या आधी त्यात पोत्यामागे अर्धा किलो मीठ आणि दीड किलो पांढरा बाइंडर (दोन पोत्यांना तीन किलो, ७८० रुपये). मीठ ओल धरून ठेवतं, बाइंडर पूड होऊ देत नाही. मी आधी बाइंडर घातलाच नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला गच्चीवर पाणी मारलं, कोबा गार होऊ दिला, आणि पाणी जिरल्यावर पण ओल असताना पहिला हात. दुधासारखा पातळ. लावताना तो पांढरा दिसतच नाही, राखाडी दिसतो, आणि मन म्हणतं की अजून जाड लावू. जाड लावायचा नाही. सकाळी उठून पाहिलं तर पांढरा शुभ्र. पहाटे पाण्याचा हलका फवारा, संध्याकाळी दुसरा हात, रात्री उशिरा तिसरा.

गॉगल आणि रबरी हातमोजे वापरा (ब्रश धरून ५९० रुपये). मी पहिल्या दिवशी हातमोजे घातले नव्हते. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या आणि आठवडाभर भाकरी थापता आली नाही. नवऱ्याच्या डोळ्याजवळ शिंतोडा उडाला. लगेच नळाखाली भरपूर पाण्याने धुतला, म्हणून निभावलं.

१८ एप्रिल, गुरुवार

पाणी आलं नाही. चुन्यावर सकाळी फवारा मारायचा होता. तांदूळ धुतलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी गाळून वापरलं, कोपऱ्यापर्यंत पुरलं नाही. तो कोपरा बाकीच्यापेक्षा कच्चा राहिला आहे, हाताला अजून थोडा चुना लागतो.

२० एप्रिल, शनिवार

आईंच्या खोलीवरचा चुना सुटायला लागला! पापडासारखे पोपडे. बाकी गच्ची ठणठणीत. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. पूर्वी गळती झाली तेव्हा तेवढ्या भागावर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलचे तुकडे, बसवले होते. चकचकीत टाइलला चुना धरत नाही. "हे मीच आधी खरवडून पाहायला हवं होतं," असं मामाही म्हणाले.

उपाय मात्र सोपा आणि फुकट निघाला. ते टाइलचे तुकडे मुळात पांढरेच होते! वर वर्षानुवर्षांचं शेवाळ आणि काळा थर. कपड्याचा सोडा आणि तारेचा ब्रश घेऊन लेक आणि मी दोन सकाळी घासत बसलो. दुपारी चारचा आकडा ५९ वरून ४८ वर. तुमच्या गच्चीवर पांढरा चायना मोझॅक असेल तर चुन्याच्या वाटेला जाऊच नका, नुसता धुऊन काढा.

२१ एप्रिल, रविवार

आमच्या शेजारचा फ्लॅट तसाच, चौथ्या मजल्यावरचा, त्यांच्यावरची गच्ची न रंगवलेली. त्यांच्या परवानगीने दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी घेतले. नुसते आधीचे आणि नंतरचे आकडे फसवतात, कारण हवा रोज बदलते.

दुपारी चारला कोबा : त्यांचा ६२, आमचा ४६.
रात्री नऊला छत, आतून : त्यांचं ४०, आमचं ३५.५.
रात्री दहाला खोली : त्यांची ३४, आमची ३१.८.

सव्वादोन अंश ऐकायला थोडे वाटतात. पण त्या रात्री आई साडेअकराला झोपल्या आणि मी बराच वेळ त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत दारात उभी होते.

२३ एप्रिल, मंगळवार

आज सगळं काम बाजूला. सकाळी अकराला आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या आणि "डोळ्यांपुढे अंधारी येतेय" म्हणाल्या. खाली बसवलं, पाय उंच केले, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवला. शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, अंगाला घाम होता. बोलणं अडखळलं असतं किंवा अंग तापून कोरडं पडलं असतं तर थेट दवाखान्यात न्यायचं, एवढं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी घरी येऊन पाहिलं. रक्तदाब फार खाली. आईंच्या रक्तदाबाच्या औषधांत एक पाण्याची गोळी आहे, जी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढते. त्यात दिवसभराचा घाम, आणि पाणी पिणं अगदी कमी. म्हातारपणी तहान लागल्याचं कळतच नाही. शिवाय रात्री उठावं लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणी पीतच नव्हत्या. हे आम्हाला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता गोळीचा डोस बदलून दिला. हे आपल्या मनाने करायचं नाही, पण घरात अशी गोळी घेणारं कोणी असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा. आम्ही स्लॅब मोजत बसलो आणि हे विचारायचं राहिलं. या सगळ्या नोंदींत मला सर्वांत जास्त टोचणारी चूक ही.

तेव्हापासून आईंच्या उशाशी एक लिटरची बाटली, सकाळी भरलेली. ती सहापर्यंत संपवायची, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. अशक्तपणा वाटला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने नाही. एरवी पन्हं, ताक, माठातलं वाळ्याचं पाणी. ताकातलं मीठ डॉक्टरांना विचारून.

आणि पंखा. हवा चाळिशीला पोचली की पंखा गरम झोतच अंगावर टाकतो. आईंना आता दुपारी ओला पंचा अंगावर घेऊनच पंख्याखाली बसवतो.

२७ एप्रिल, शनिवार

कूलर आणला, ८,४०० रुपये. पहिली रात्र वाईट गेली. आईंची खोली बंद करून आत लावला, एसी लावतात तसा. तासाभरात आर्द्रता ३० टक्क्यांवरून ७८ वर, अंग चिकट, चादर दमट. कूलर म्हणजे पाणी उडवून हवा गार करणारं यंत्र. त्याला बाहेरची कोरडी हवा मागून मिळायला हवी आणि दमट झालेली हवा समोरून बाहेर जायला हवी.

२८ एप्रिल

कूलर खिडकीला पाठ करून बसवला, समोरचं दार अर्धं उघडं. खोली ३२.५ वरून २८.५. एवढाच बदल, एक पैशाचा खर्च नाही.

२ मे, गुरुवार

आज परत पाणी नाही, आणि कूलर रात्री ४५ लिटर पितो. हिशेब केला : आमच्या घराच्या रोजच्या वापरात ही दोन बादल्यांहून जास्त भर. खडकवासल्याच्या चार धरणांच्या जिवावर बहुतेक शहर असताना कूलरसाठी टँकर मागवणं मनाला पटेना. ठरवलं की कूलर फक्त आईंच्या खोलीत, फक्त दहा ते दोन. दोन वाजता छत उतरलेलं असतं, मग खिडकी पुरते.

कूलरच्या गवताच्या जाळीवर आठ दिवसांत पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर येतो आणि वारा कमी होतो. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची, नाहीतर डासांच्या अळ्या. हे एकदा राहिलं, तेव्हा अळ्या दिसल्याच.

५ मे, रविवार

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापत होतं. टाकीला गोणपाट गुंडाळलं (३०० रुपये), वरून चुन्याचं उरलेलं पाणी मारलं. आता कोमट येतं.

आज मोठा शोध लागला तो जिन्याचा. पुण्यात संध्याकाळी साडेसहा-सातनंतर पश्चिमेचा वारा येतो. आम्ही खिडक्या उघडत होतो, पण वारा आत येऊन जाणार कुठे? सरकत्या खिडक्या, अर्ध्याच उघडतात, आणि समोर भिंत. सचिव काकांना विनवून गच्चीचं दार रात्री उघडं ठेवलं, जाळीच्या दाराला कुलूप. आमच्या मुख्य दाराला आधीपासून सेफ्टी डोअर आहे. दोन्ही उघडताच जिना धुराड्यासारखा ओढू लागला. उदबत्ती धरून पाहिलं, धूर सरळ जिन्यातून वर. मधल्या खोलीला जिना मिळत नाही, तिथे एक्झॉस्ट पंखा बसवला, सुतारकामासह २,५००. रात्री सात ते सकाळी सात खिडक्या उघड्या, मग लगेच बंद. सकाळी सातला बंद करायचं लेकीच्या अंगवळणी पडायला आठवडा लागला. सुट्टीच आहे, ती नऊला उठते.

१० मे, अक्षय्य तृतीया

आमरस. रात्री छत ३५.

१२ मे, रविवार

चुन्यावर अजून सावली केली तर आणखी फरक पडेल, म्हणून गेल्या रविवारी हिरवी शेडनेट बांबूंना बांधून अडीच फूट उंचीवर ताणली होती, २,२०० रुपये. पाच दिवस सुरेख. कोबा ४६ वरून ३९. मग एका संध्याकाळी आमच्याकडे वावटळ सुटली आणि नेट शिडासारखी फुगली. दोन बांबू कठड्यावरून खाली लोंबकळत होते. खाली कोणी नव्हतं. त्या एका क्षणात हात-पाय गार पडले. पुन्हा बांधणार नाही. वळवाच्या वाऱ्याला टिकेल असा लोखंडी सांगाडा असेल तरच हे करावं.

१३ मे, सोमवार

मतदान. आईंना सात वाजताच नेलं, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन. आठच्या आत घरी. नीट राहिल्या.

२३ मे, गुरुवार

हवा बदलली. दुपारची आर्द्रता ५० च्या वर, कूलर नुसता आवाज करतो, खोली एका अंशानेही उतरत नाही. चार दिवस आम्ही पाणी वाढवून, जाळी बदलून पाहत बसलो. दोष कूलरचा नव्हताच. बंद करून टाकला. या दिवसांत उपयोग फक्त वाऱ्याचा, म्हणजे जिन्याचा आणि पंख्याचा. आणि गच्चीचा चुना : तो आर्द्रता बघत नाही, ऊन बघतो.

८ जून, शनिवार

संध्याकाळी प्रचंड पाऊस. पाऊण तासात गच्चीवर चार इंच पाणी तुंबलं. नवरा गुडघ्यापर्यंत पँट वर करून गेला; पन्हाळीच्या तोंडाशी पोपडे आणि चुन्याचा गाळ बसून दगड झाला होता. काठीने फोडला. पाणी एकदम सुटलं आणि पूर्वेच्या भिंतीवरून पांढरे ओघळ खाली आले, थेट तळमजल्यावरच्या आजींच्या तुळशीत. सचिव काकांनी एप्रिलमध्ये विचारलेला प्रश्न हाच होता.

९ जून, रविवार

आजींच्या तुळशीची माती बदलून दिली, भिंत ब्रशने घासून घेतली. पन्हाळीच्या तोंडाशी जाळी बसवली. चुना लावणार असाल तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुटे पोपडे झाडून गोळा करा आणि पन्हाळी उघडून बघा. हे काम आमच्या यादीत नव्हतं.

१६ जून, रविवार

हिशेब. एकूण २६,५३० रुपये. पैकी पडदे, शेडनेट आणि पहिलं चुन्याचं पोतं मिळून ६,३२० वाया. गच्चीच्या चुन्याला, त्या वाया गेलेल्या पोत्यासकट, ३,९३०. चिकांना ३,५५०. आईंना झोप लागली ती मुख्यतः या दोन गोष्टींनी आणि उघड्या जिन्याने, आणि जिन्याला काही खर्च नाही. कूलर सर्वांत महाग पडला आणि जेमतेम चार आठवडे कामी आला.

पावसाने चुना साधारण निम्मा धुपला आहे, कच्चा राहिलेला कोपरा तर पूर्ण उघडा पडला. दर वर्षी लावावा लागणार. पुढच्या वेळी फेब्रुवारीच्या शेवटी, वाळवणं सुरू व्हायच्या आधी. शेजारचे काल विचारत होते, आपल्या दोघांच्या वरचा भाग एकदम करू या का. मामांना निरोप दिला आहे. कुंचे धुऊन, तेल लावून माळ्यावर ठेवले. चुन्याचं पोतं आता आणायचं नाही. पावसाळ्यात ते आपोआप दगड होतं.